रानाचा तास पोरांच्या हाती

जूनच्या पहिल्या सरी पडून गेल्या की पालघर-ठाण्याच्या रानात शेवळं वर येतात आणि थोड्याच दिवसांत मुरबाड, शहापूर, जव्हारच्या बाजारांत त्यांचे वाटे लागतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला ते महाग वाटतात. त्या वाट्यामागे किती शिक्षण आहे, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. आठ-नऊ वर्षांची वारली किंवा कातकरी पोर आईबरोबर रानात जाते तेव्हा शेवळं कुठल्या झाडोऱ्यात निघतात हे तिला माहीत असतं. कोंब खुडायचा, कंद जमिनीतच राहू द्यायचा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवेल, हेही. येताना ती काकडाची आंबट फळंही घेऊन येते, कारण नुसती शेवळं खाल्ली तर घसा खाजतो. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; काकडं घालून शिजवली की खाज मरते. स्फटिकांचं नाव पोरीला ठाऊक नाही, इलाज ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात शाळा उघडते आणि ही पोर मागच्या रांगेत जाऊन बसते. परिसर अभ्यासाच्या तासाला वनस्पतींचे उपयोग विचारले जातात तेव्हा अपेक्षित उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तकातलं सांगता आलं नाही, तर ती कच्ची. तिला वीस-पंचवीस रानभाज्या, चार प्रकारचे खेकडे, दोराला चालणारी साल आणि पेटवायला चालणारं लाकूड ओळखता येतं. पण प्रगतिपुस्तकात त्यासाठी रकाना नाही.

महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांनी रानातली कौशल्यं वेळापत्रकात घ्यावीत, ही मागणी नवी नाही. तिला एक पुस्ती जोडायला हवी. तो तास घेण्याचं काम शक्य तिथे मुलांकडेच द्यावं, आणि ज्यांना रान कळतं त्या मुलांना पुढं उभं करावं.

ज्या देशात पोरांच्या हातून रान निसटलं, तिथे काय झालं ते आधी पाहू. २००२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ४ ते ११ वर्षांच्या ब्रिटिश मुलांना त्यांनी चित्रांचे पत्ते दाखवले. काही पत्त्यांवर देशातले नेहमीचे प्राणी आणि झाडं होती, काहींवर पोकेमॉन. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन जवळजवळ ८० टक्के बरोबर ओळखले. खऱ्या सजीवांच्या बाबतीत निम्मा पल्लाही गाठता आला नाही. ओकचं झाड आणि बॅजर ज्या देशात सर्वत्र आहेत, तिथली ही गोष्ट. मुलांच्या स्मरणशक्तीत काही खोट नव्हती. त्यांच्यासमोर जे रोज ठेवलं गेलं, ते त्यांनी पाठ केलं.

तोवर ब्रिटनमध्ये उलट दिशेने एक हालचाल सुरू झालेली होती. सोमरसेट परगण्यातल्या ब्रिजवॉटर कॉलेजमध्ये बालशिक्षण शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक १९९३ मध्ये डेन्मार्कला गेले. तिथल्या बालवाड्या दिवसाचा मोठा भाग झाडांखाली काढतात, हे पाहून ते थक्क झाले. डेन्मार्कमध्ये ही रीत १९५० च्या दशकापासून रुळलेली. स्वीडनमध्ये १९५७ मध्ये योस्टा फ्रोम यांनी ‘स्कुग्समुल्ले’ नावाचा एक काल्पनिक वनवासी उभा करून मुलांना रानात न्यायला सुरुवात केली होती. जर्मनीत इमारतच नसलेल्या वन-बालवाड्या आज शेकड्यांनी आहेत. परतल्यावर ब्रिजवॉटरच्या मंडळींनी आपल्याच बालवाडीतल्या मुलांसाठी हा प्रयोग केला आणि त्याला ‘फॉरेस्ट स्कूल’ हे नाव मिळालं. पुढे तो प्राथमिक शाळांत पसरला. २०१२ मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना झाली.

या तासाला मुलं काय करतात, ते तपशिलात सांगण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे निसर्गशिक्षण म्हटलं की रांगेने फिरणं आणि ‘झाडे लावा’चे फलक रंगवणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. तिथे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात खरा चाकू दिला जातो. त्याआधी बसायचं कसं ते ठरतं: दोन्ही कोपरं गुडघ्यांवर, पातं अंगापासून बाहेरच्या बाजूला, हात लांब करून फिरवला तर कुणाला लागणार नाही इतकं अंतर. हातमोजा घालायचा तो लाकूड धरणाऱ्या हातात. चाकूच्या हातात मोजा नको, पकड सुटते. एल्डरच्या फांदीचा मऊ गाभा काडीने ढकलून काढायचा आणि पोकळ तुकड्यांचे मणी करायचे. ताडपत्री दोन झाडांमध्ये बांधून आडोसा करायचा आणि कुठली गाठ ओढल्यावर घट्ट होते, कुठली झटक्यात सुटते, हे हाताने शिकायचं.

आगीचा धडा सर्वांत मोठा. शेकोटीभोवती ओंडक्यांचं रिंगण असतं; ते कुणी ओलांडायचं नाही, आत जायचं तर मोठ्यांच्या परवानगीने. आगीपाशी एक गुडघा टेकून, दुसरा वर ठेवून बसायचं, म्हणजे ज्वाळा अंगावर आली तर एका क्षणात मागे सरकता येतं. पोलादाच्या कांडीची ठिणगी कापसावर पाडायची. ती पहिल्या प्रयत्नात पडत नाही, दहाव्यातही पडत नाही. सात वर्षांचं पोर तिथे इतका वेळ चिकाटीने बसून राहतं, की वर्गात दहा मिनिटं एका जागी न बसणारं ते हेच का, असा प्रश्न शिक्षकाला पडतो. शेवटी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळायची. पेटवणाऱ्यानेच विझवायची, हा तिथला कायदा.

हे सगळं एका सहलीत होत नाही. फॉरेस्ट स्कूलच्या तत्त्वांत पहिलीच अट अशी, की ठरावीक दिवसांनी, दीर्घ काळ, शक्यतो त्याच जागी जायचं. एकच जागा वर्षभर पाहिली तर पानगळ, फुटवा, चिखल, थंडी सगळं त्याच झाडावर दिसतं. सहलीत रान दिसतं, ओळखीचं होत नाही.

खरी गंमत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. काही शाळांत वरच्या इयत्तेतली मुलं लहानांचा तास घ्यायला लागतात. सरपण कसलं हवं ते तीच सांगतात, चाकू मोजून देतात, मोजून परत घेतात, रिंगण ओलांडणाऱ्याला तीच थांबवतात. शिक्षक असतात, पण दोन पावलं मागे. वाचनात मागे असलेला, फळ्यासमोर तोंड न उघडणारा मुलगा इथे पाच वर्षांच्या पोराला गाठ शिकवताना सलग बोलत राहतो. ज्याला कुणीतरी सतत शिकवत आलंय, त्याला प्रथमच कुणाला तरी शिकवायचं असतं.

याने मुलांचे गुण वाढतात का? पालक पहिल्यांदा हेच विचारणार, आणि उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. ब्रिटनमध्ये ओब्रायन आणि मरे या संशोधकांनी २४ मुलांचा आठ महिने मागोवा घेतला. आत्मविश्वास, एकमेकांशी वागणं, भाषा, एकाग्रता आणि शारीरिक कौशल्यं यांत फरक दिसला; मुलं घरी जाऊन आईबापांना बाहेर ओढायला लागली. पण २४ मुलं म्हणजे काही फार मोठा पुरावा नव्हे. डेन्मार्कमध्ये शाळांतल्या नियमित मैदानी तासांचा मोठा अभ्यास झाला. वर्षभरात वाचनात थोडी प्रगती दिसली, गणितात ठळक फरक दिसला नाही. बाहेर नेलं म्हणून मूल गणितात मागेही पडलं नाही. नैऋत्य इंग्लंडमध्ये २०१२ ते २०१६ या काळात सव्वाशे शाळांत आणि ४० हजारांहून अधिक मुलांपर्यंत मैदानी शिक्षण पोचवणारा सरकारी प्रकल्प झाला. तिथल्या बहुसंख्य शिक्षकांनी मुलं अधिक गुंतून शिकतात, असं सांगितलं. एवढ्यावर क्रांतीच्या गप्पा मारू नयेत. पण एवढ्यावर रानाचा तास वेळेचा अपव्यय ठरवताही येत नाही.

ब्रिटनच्या या चळवळीवर तिथलेच शिक्षणतज्ज्ञ एक आक्षेप घेतात, तो आपल्याला जास्त लागू आहे. डेन्मार्कमध्ये जी जगण्याची सवय होती, तिचं ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र, शुल्क आणि नाममुद्रा असलेलं उत्पादन झालं, असं ते म्हणतात. आपल्याकडे तर तिसरीच तऱ्हा व्हायची भीती आहे. पुण्या-मुंबईच्या वेशीवर सुट्टीतल्या शिबिरांत पैसे मोजून मुलांना चूल पेटवायला आणि दोरीवर चढायला शिकवलं जातं, आणि पन्नास किलोमीटरवर ज्या मुलांना हे दोन्ही येतं त्यांना त्याबद्दल शाळेत शाबासकी मिळत नाही. एकाच्या बापाने जे विकत घ्यायचं, ते दुसऱ्याच्या पोराने विसरायचं, असा हा व्यवहार आहे.

खरं तर या विषयात महाराष्ट्राने कुणाकडून काही उसनं आणण्याची गरज नव्हती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी त्याच टापूत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. म्हणजे हे प्रयोग कुठल्या शांत आश्रमात चाललेले नव्हते. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, असं ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ठरवलं आणि वस्तीतल्या अंगणात शाळा भरवली; तीच अंगणवाडी. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आणखी एक अडचण समोर आली. थोडी मोठी पोरं गुरं राखायला जात. मग शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले. गुरं चरत असताना खडे, बिया, पानं, काड्या घेऊन मोजणी, भाषा, परिसर शिकवला. तिला नाव मिळालं कुरणशाळा. फॉरेस्ट स्कूल हा शब्द ब्रिटनमध्ये रुळण्याच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट.

या दोन प्रयोगांचं पुढे काय झालं पाहा. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आज तो हिंदी, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्येही आपला वाटतो. कुरणशाळा मात्र कोसबाडच्या आठवणींत उरली. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. शिक्षणशास्त्राच्या पदविकेत दोघींवर टिपा लिहायला सांगतात. राखणीला गेलेल्या पोराला गुरं, गवत आणि ओढा हेच पुस्तक असू शकतं, हा त्यांचा धाडसी विचार आपण टिपेत घालून ठेवला.

त्याच्या अगदी उलट वाट आपण पुढे धरली. आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा राज्यात आहेत. दुर्गम पाड्यावरच्या मुलाला जेवण, निवारा आणि शिक्षण एका जागी मिळावं, हा त्यांचा हेतू योग्यच, आणि त्यांच्यामुळे अनेक मुलं शिकली हेही खरं. पण या व्यवस्थेची एक किंमत आहे. सहा-सात वर्षांचं मूल जूनमध्ये वसतिगृहात जातं. रान खऱ्या अर्थाने जागं होतं ते जून ते ऑक्टोबर: शेवळं, टाकळा, कुलू, करटोली, भारंगी, ओढ्यातले खेकडे, भाताची लावणी. मूल घरी येतं दिवाळीत आणि मग थेट मे महिन्यात, जेव्हा रान कोरडं पडलेलं असतं. मोहाची फुलं वेचायचा हंगाम मार्च-एप्रिलचा, तोही बहुधा परीक्षेत जातो. दहा वर्षं असं चाललं की आईचं ज्ञान मुलीकडे जाण्याचा रस्ताच बंद होतो. यात कुणी दुष्टपणा केलेला नाही. वेळापत्रकाने ते आपोआप घडवून आणलं आहे.

गंमत अशी, की आश्रमशाळेच्या आवाराबाहेरच बहुधा रान असतं. कुंपणाच्या अलीकडे पुस्तकातलं चित्र पाहून पळस ओळखायचा आणि पलीकडे तो फुललेला.

इथे पहिलीपासून चौथीपर्यंतच्या मुलांकडे पुढारपण देणं किती सोपं आहे, याची कल्पना करून पाहावी. मुरुडशेंगेची साल सोलून, भिजवून तिचा दोर वळणारा मुलगा वर्गात सापडेल. त्याने दहा जणांना दोर वळायला शिकवावा. किती वजन पेलतो ते दगड बांधून मोजावं. सुकी साल आणि भिजवलेली साल यांत फरक का पडतो, यावर बाईंनी बोलावं. पळसाच्या पानांची पत्रावळ टाचायला शिकवणारी मुलगी असेल. एका पत्रावळीला किती पानं लागतात आणि पंगतीला किती, हा गुणाकार आपसूक होतो. ऐनाच्या सुसरीसारख्या सालीवर वणव्याचा परिणाम कमी का होतो, हे गावातल्या म्हाताऱ्याने सांगावं. इथे शिक्षकाचं काम कमी होत नाही, बदलतं. मुलाकडे असलेल्या ज्ञानाला अक्षर, अंक आणि कारण जोडून द्यायचं.

गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली, तिचा गाभा हाच होता: हाताच्या कामातून विषय शिकवायचे. तिथे टकळी होती, इथे दोर.

आता जोखमीचं काय? पालकांचा आणि शिक्षकांचा खरा अडसर इथेच आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातली बहुसंख्य ग्रामीण. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही महाराष्ट्रात आहेत. शिवाय आग्या मोहोळ आहे, खाजकुयली आहे, चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ आहे, जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे. ब्रिटनच्या रानात यातलं जवळपास काही नाही. म्हणून तिथला नमुना उचलून इथे आणून ठेवणं मूर्खपणाचं ठरेल.

पण याच कारणासाठी इथे तास जास्त गरजेचा आहे. साप शाळेच्या वेळापत्रकाबाहेरही चावतो. पानांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावं, रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नये, चावल्यावर जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ न घालवता, चावलेला अवयव हलू न देता थेट दवाखान्यात न्यावं, हे दहा वर्षांच्या मुलाला पाठ असेल तर ते घरातल्या मोठ्यांना थांबवू शकतं. वाघाच्या जिल्ह्यांत तर मुलांना जंगलात नेऊच नये. तिथे शाळेचं आवार, गावठाण, तळ्याचा काठ पुरे. पाऊलखुणा ओलसर वाळूत ओळखायला शिकता येतात, आणि पहाटे-संध्याकाळी एकट्याने झाडीत जायचं नाही हा धडा तिथे सगळ्यांत मोलाचा.

आगीचंही तसंच. इंग्लंडच्या ओल्या जंगलात शेकोटी पेटत नाही म्हणून मुलं रडकुंडीला येतात. सह्याद्रीत मार्च महिन्यात एक काडी पडली तर डोंगर जातो. राखीव वनात विस्तव करणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा. म्हणून चूल मांडायची ती शाळेच्या अंगणात, पावसाळ्यात किंवा थंडीत, बाजूला पाण्याची बादली आणि माती ठेवून. आणि तिच्याच जोडीला वणव्याचा धडा द्यायचा: वन विभाग फेब्रुवारीच्या आत जाळरेषा का काढतो, वारा फिरला की आग कुठं वळते, ओल्या फांदीने ती कशी झोडपतात. करवंद चांगली यावीत, गवत चांगलं फुटावं म्हणून डोंगराला काडी लावणारी मोठी माणसं आहेत. त्यांना त्यांच्याच घरातलं मूल अडवेल, ही शक्यता फलकांपेक्षा बरीच जास्त आहे.

ब्रिटनमधल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने २०१२ मध्ये मुलांच्या खेळाबाबत एक भूमिका जाहीर केली. जोखीम शून्यावर आणणं हे ध्येय नाही, फायदा आणि धोका दोन्ही तोलून निर्णय घ्या, असं खुद्द सुरक्षा खात्याने शाळांना सांगितलं. आपल्याकडे उलट आहे. मुलाला जरा खरचटलं तर मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागतो, फार काही झालं तर निलंबन. मग कुठला शिक्षक मुलांच्या हातात विळा देईल? तो फाटक बंद करून घेईल आणि त्याला दोष देता येणार नाही. ज्या शिक्षकाने आधी जागा पाहून, धोके लिहून, पालकांना विचारून तास घेतला, त्याच्यामागे खातं उभं राहील, एवढं एक वाक्य शासन निर्णयात आलं तरी अर्धं काम होईल.

वेळेची अडचण सांगितली जाते, ती तपासू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. पंधरा दिवसांतून एकदा दोन तास बाहेर काढले तरी वर्षाला तीस-पस्तीस तास होतात. अनेक शाळांत यापेक्षा जास्त वेळ कवायतीच्या तालमी, फलक आणि छायाचित्रं चढवण्यात जातो. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीला दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत, पण प्राथमिकसाठी तसा आग्रह नाही. हाताला आणि नजरेला वळण लागायचं वय मात्र त्याआधीचंच आहे. पर्यावरण शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. आपण ते पाळलं, पुस्तक छापून.

एक चौकट तर तयारच आहे. कब-बुलबुल हे स्काऊट-गाईड चळवळीचं प्राथमिक वयाच्या मुलांचं अंग. स्काऊटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये त्यातली कबची शाखा उभारली तेव्हा तिच्यातली नावं किपलिंगच्या मोगलीकडून घेतली, आणि मोगलीचं रान म्हणजे सिवनीचं, नागपूरच्या उत्तरेला पेंचला लागून असलेलं. सातपुड्याच्या जंगलाची गोष्ट लंडनला गेली आणि गणवेश घालून आपल्याकडे परत आली. त्यातलं रान मात्र वाटेत कुठंतरी गळालं. आज बहुतेक जिल्हा परिषद शाळांत कब म्हणजे टोपी, सलामी, पथसंचलन आणि पाहुण्यांचं स्वागत. गाठी बांधायला शिकवतात, पण त्या चाचणीपुरत्या, सुतळीच्या तुकड्यावर, बाकाच्या पायाला. त्याच गाठींनी एक आडोसा उभा करून पावसात त्याखाली अर्धा तास बसून दाखवा म्हटलं, तर गाठ लक्षात राहील.

शहरी शाळांनीही हात झटकू नयेत. तैवानने २०१० पासून शाळांना मुलं रोज दोन तास बाहेर काढण्याचा आग्रह धरला तो जवळच्याच वस्तू दिसणाऱ्या डोळ्यांसाठी. चीनमधल्या ग्वांगचौच्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर घालवलेल्या मुलांमध्ये तीन वर्षांत लघुदृष्टीचं प्रमाण कमी आढळलं. पुण्यात टेकड्या आहेत, मुंबईत संजय गांधी उद्यानाच्या कडेच्या वस्त्या आणि आरे, नागपुरात अंबाझरी. राज्यभरात अडीच हजारांहून जास्त देवराया नोंदलेल्या आहेत. पालिकेच्या शाळेत शिकणाऱ्या किती मुलांच्या आया-आज्या गावाकडून आल्यात आणि त्यांना अजून रानभाजी निवडता येते, हे शिक्षकाने एकदा विचारून पाहावं. तास घ्यायला माणसं सापडतील. अशा माणसांना, आणि पाड्यावरच्या जाणत्यांना, सन्मानाचं मानधन द्यावं. योगाच्या शिबिराला बोलावलेल्या पाहुण्याला मिळतं, तर दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याला का नको?

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. आदिवासी मुलांना ‘रानातली’ म्हणून दाखवायच्या वस्तूसारखं उभं करण्याचा धोका इथे आहे. पाहुणे आले की पारंपरिक नाच, तसं पाहुणे आले की खेकडे पकडून दाखव, असं झालं तर तास न घेतलेला बरा. त्या मुलीला भागाकार आणि इंग्रजी तितक्याच नेटाने शिकवायला हवं; शेवळं येतात म्हणून तिला त्यातून सूट नाही. आणि गलोल, फासे ही कौशल्यंही मुलांकडे असतात, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. शिकारीचा धडा शाळेत बसत नाही. तो विषय टाळण्यापेक्षा मुलांशी सरळ बोलावा. पारधी किंवा कातकरी मुलाच्या बापाला चोर न ठरवता कायदा समजावून देणं शिक्षकाला जमलं पाहिजे.

सुरुवात करायला जागा आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती घाईघाईने बाहेरच्या माणसांकडून भरून घेतली गेली आणि कपाटात गेली. ज्या गावात शाळा आहे तिथली चौथीची मुलं ही वही एका वर्षात खरी करू शकतात: कुठलं झाड कुठं आहे, कधी फुलतं, कोण खातं, गावात त्याला काय म्हणतात. नोंदी मुलांनी करायच्या, खात्री गावातल्या जाणत्यांनी, शुद्धलेखन बाईंनी. ग्रामसभेत वाचून दाखवायची तीही मुलांनीच.

शिक्षण विभाग आणि आदिवासी विकास विभागाने येत्या जूनपासून प्रत्येक तालुक्यातल्या निदान दोन शाळांत आणि एका आश्रमशाळेत पंधरवड्याचा रानाचा तास सुरू करावा, त्याचं नेतृत्व तिसरी-चौथीच्या मुलांकडे द्यावं आणि शिक्षकाला लेखी संरक्षण द्यावं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, परदेशी प्रमाणपत्र लागत नाही. ताडपत्री, दोर, चार विळे, दोन बादल्या आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढ्या खर्चाला शाळा व्यवस्थापन समितीचीही मंजुरी पुरेशी आहे.